बुधवारचं डिक्टेशन

त्या मालिकेतला थेरपिस्ट काहीही लिहून घेत नाही, ही गोष्ट मला पहिल्या भागापासून खटकली. समोर माणूस बसून आयुष्याचा पाढा वाचतोय आणि हा हनुवटीखाली हात धरून नुसता बघतोय. टेबलावर वही नाही, पेन नाही. पुढच्या आठवड्यात तोच माणूस येतो तेव्हा ह्याला त्याच्या मावशीचं आजारपणसुद्धा आठवतं. मी बत्तीस वर्षं भोपाळमध्ये सरकारी कार्यालयात स्टेनो होते. लिहून न घेता सगळं लक्षात ठेवणारा माणूस एकतर देव असतो नाहीतर लबाड, आणि देव काही सोफ्यावर बसून दर पाच मिनिटांनी "और?" असं विचारत नाही.

मालिका लावली ती लेकीने. कोलार रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये रविवारी दुपारची जेवणं झाली की ती मोबाइल टीव्हीला जोडायची आणि लागोपाठ दोन भाग लावायची. एक खोली, एक थेरपिस्ट, एका भागात एक पेशंट. सही करायला बसलं की ज्याचा हात थरथरतो असा बँकेचा मॅनेजर, एकमेकांशी फक्त ह्याच्यामार्फत बोलणारं एक जोडपं, आणि एक साठीची बाई, जी दर वेळी मुलाबद्दल बोलायची आणि स्वतःबद्दल अवाक्षर काढायची नाही. पूर्ण भागभर दोन माणसं समोरासमोर बसून बोलतात, बस्स. कोणी रागाने उठून गेलं तरी पुढच्या भागात मुकाट्याने परत येतं.

आमचे हे मूळ नागपूरचे. छप्पन साली राजधानी नागपूरहून हलली तेव्हा सासरे तिच्याबरोबर, फायलींच्या पेट्यांसोबत भोपाळला आले, पण घरातली बोली अजून नागपुरातच आहे. "बावा, यात तर कोणी पाणी प्यायलाबी नाही उठून राहिलं," असं म्हणून हे दहाव्या मिनिटाला घोरू लागायचे. ह्यांना आयुष्यात कशाचाच संशय येत नाही. दूधवाल्याचा नाही, जावयाचा नाही, थेरपिस्टचा तर नाहीच. त्यामुळे ह्यांच्या वाटचा संशयही मलाच घ्यावा लागतो.

तर मला संशय होता की हीच मालिका का. जगात एवढ्या मालिका पडल्या आहेत, खून आहेत, सासवा आहेत, राजेमहाराजे आहेत. लेकीने नेमकी हीच का निवडावी, आणि मी समोर बसलेली असतानाच का लावावी? कारण लेक स्वतः दर बुधवारी संध्याकाळी सहा ते सात, खोलीचं दार लावून, लॅपटॉपवर एका खऱ्या थेरपिस्टशी बोलत होती. तिने ते लपवलं नव्हतं. "आई, बुधवारी सिक्स टू सेव्हन मला आवाज नको देऊ, माझं सेशन असतं," असं तिने उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. ती थेरपिस्ट म्हणजे दुसऱ्या कुठल्याशा शहरातली बाई. तिचा चेहरा मी पाहिला नाही, आवाज ऐकला नाही, कारण लेकीच्या कानात इअरफोन. म्हणजे माझ्याच घरात, भिंतीपलीकडे, एक अनोळखी बाई आठवड्यातून तासभर माझ्या मुलीला प्रश्न विचारत होती, आणि उत्तरं काय मिळत होती ते मला कळत नव्हतं.

लेकी बोले सुने लागे, असं आपल्याकडे म्हणतात. आमच्याकडे टीव्ही बोलत होता आणि लागत होतं मला. मालिकेतली साठीची बाई मुलाबद्दल बोलू लागली की मी लेकीकडे तिरप्या नजरेने बघायचे. ती शेंगदाणे खात असायची. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ.

खाई त्याला खवखवे. मला का खवखवत होतं, ते आधी सांगून टाकते.

लेकीला पुण्याला दिली होती. लग्नाला दीड वर्ष झालं आणि जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी ती एक सूटकेस घेऊन दारात उभी राहिली, फोन न करता. आंघोळ केली, जेवली, दिवसभर झोपली. संध्याकाळी स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून म्हणाली, "आई, मला परत नाही जायचं." मी पोळ्या लाटत होते. लाटणं थांबवलं नाही. "चार दिवस राहा, डोकं शांत कर, मग बघू," एवढं म्हणाले. काय झालं ते विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि ते ऐकल्यावर तिला परत पाठवणं जड गेलं असतं. एवढं मला तेव्हाही समजत होतं.

पाचव्या दिवशी, शनिवारी, मी तिला पाटावर बसवलं. कुंकू लावलं, आणि खण, नारळ, तांदूळ तिच्या ओढणीत घालून तिची ओटी भरली. आमच्यात एकदा ओटी भरली की लेकीचं जाणं ठरलं. त्यावर वाद घालत नाहीत. पदरात नारळ घेऊन बसलेली मुलगी 'मी जात नाही' असं म्हणू शकत नाही, हे मला माहीत होतं आणि तिलाही. तिने वाकून नमस्कार केला. हे तिला गाडीत बसवून आले, येताना म्हणाले की गाडी अगदी वेळेवर होती.

त्यानंतर ती तिथे चौदा महिने राहिली. त्या चौदा महिन्यांत काय काय झालं ते तिने आम्हाला आजतागायत सांगितलेलं नाही. मग एकदा आली ती कायमची. वकील झाले, कागद झाले, घरून करता येईल अशी नोकरी तिने मिळवली आणि मागची खोली तिची झाली. कोणी विचारलंच तर मी सांगायचे की मुलीच्या संसाराला थोडा वेळ द्यावा असं मला वाटलं, आमची पिढीच तशी. माझं माहेर ह्याच गावात, सोनागिरीला. मी कधी रुसून गेले तर आई चहा करायची आणि चहा संपला की बस स्टॉपपर्यंत पोचवायला यायची. तेवढंच माहेरपण. हे सांगितलं की बायका माना डोलवायच्या आणि विषय संपायचा.

लेकीने मात्र त्या शनिवारचं नाव कधी काढलं नाही. ती ओरडली असती, भांडी आपटली असती तर मला सोपं गेलं असतं. ती माझ्याशी हसून बोलायची, डॉक्टरकडे माझ्यासोबत यायची, माझ्या गोळ्या डबीत वारांप्रमाणे लावून ठेवायची. आणि बुधवारी दार लावून घ्यायची. त्या दारामागे तिने ते सांगितलं का, मला दोषी ठरवलं का, आणि ठरवलं असेल तर ती माझी राहील का, एवढा एकच प्रश्न मला ते वर्षभर होता. मालिका आणि तिचा तो न लिहिणारा माणूस, सगळं त्या एका प्रश्नाभोवती फिरत होतं.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात काही कळायला मार्गच नव्हता. लेकीच्या खोलीच्या खिडकीत कूलर बसवलेला आहे, भोपाळच्या घरांत असतो तसा पत्र्याचा, तोंड आत आणि धड बाहेर. त्याची बाहेरची बाजू आमच्या वॉश एरियात येते, जिथे कपड्यांचं मशीन आहे. तो चालू असला की विमानतळाशेजारी राहिल्यासारखं वाटतं. ऑक्टोबरात हवा गार झाली, कूलर बंद केला, आणि त्याच्या टाकीतलं पाणी काढायला म्हणून मी एका संध्याकाळी बादली घेऊन गेले. आतून लेकीचा आवाज आला, इतका स्पष्ट की मी "ओ" देणार होते. मग लक्षात आलं, आज बुधवार. ती हिंदीत बोलत होती. मी बादली खाली ठेवली आणि तशीच उभी राहिले.

पुढच्या बुधवारी मी स्टूल नेलं. रिकाम्या हाताने बसणं बरं दिसत नाही म्हणून मेथीची जुडी घेतली. त्याच्या पुढच्या बुधवारी मेथीखाली शॉर्टहँडची वही होती.

वही का नेली, हे स्टेनो नसलेल्या माणसाला समजावणं अवघड आहे. स्टेनोचा हात ऐकतो, डोकं ऐकत नाही. साहेब बोलतात, पेन्सिल चालते, रेघा कागदावर उतरत जातात, आणि त्यांचा अर्थ आपण टाइप करायला बसतो तेव्हा पोचतो. विभागीय चौकशांमध्ये मी असे जबाब लिहून घेतले आहेत की ऐकताना माणसाला रडू यावं. मला कधी आलं नाही. रडलं की रेघ हलते, आणि जाड रेघ बारीक झाली की शब्दच बदलतो. तर मी स्वतःला सांगितलं, मी काही लेकीचं चोरून ऐकत नाहीये, मी फक्त लिहितेय. स्वतःला फसवायला माणसाला फार हुशारी लागत नाही.

शिवाय ते वाचू शकणारं घरात दुसरं कोणी नाही. ह्यांनी एकदा मेथीच्या देठांतून वही ओढून काढली. "काय लिहून राहिली तू?" म्हणाले. मी म्हटलं, "रेसिपी." ह्यांनी वही सुलटी धरून पाहिली, उलटी धरून पाहिली आणि परत दिली. "मीठ थोडं कमी टाकजो," म्हणाले आणि मंडळात कॅरम खेळायला निघून गेले.

गुरुवारी सकाळी हे फिरायला गेले की मी जेवणाच्या टेबलावर बसून आदल्या दिवसाचं वाचायचे. पहिल्या बुधवारी ऑफिसमधल्या एका मॅनेजरबद्दल. दुसऱ्या बुधवारी झोपेबद्दल, तिला पहाटे चारला जाग येते हे मला तेव्हा कळलं. मग पुण्याच्या एका मैत्रिणीबद्दल, मग परत त्या मॅनेजरबद्दल. मधेमधे ती गप्प व्हायची, बहुतेक पलीकडची बाई काहीतरी विचारत असायची. शॉर्टहँडमध्ये गप्प बसण्याला खूण नाही. मी तिथे एक ओळ सोडून द्यायचे.

माझं नाव कुठेच नव्हतं. कोणालाही वाटेल की मला हायसं वाटलं असेल. उलट माझा संशय दुप्पट झाला. एक मुलगी महिनाभर थेरपिस्टशी बोलते आणि आईचं नाव निघत नाही, हे कसं शक्य आहे? मालिकेत तर तिसऱ्या भागापर्यंत सगळ्यांच्या आया येऊन जातात. त्या हात थरथरणाऱ्या मॅनेजरची आई तर मेलेली होती, तरी आली. मला वाटू लागलं की माझ्याबद्दल जे बोलायचं ते ही उन्हाळ्यातच बोलून बसली आहे, कूलरच्या आवाजात, आणि आता माझी फाइल बंद झाली आहे. निकाल लागला आहे आणि मला प्रत मिळालेली नाही.

मग लेकीच्या प्रत्येक गोष्टीत मला निकाल दिसू लागला. तिने चहात साखर कमी घातली, तर हे कोणी सांगितलं? तिने मला शाल आणून दिली, तर आधी माफ केलं म्हणून का? एकदा जेवताना ती म्हणाली, "आई, तू पण कोणाशी तरी बोल ना, अच्छा लगता है." मी ताडकन म्हणाले, "मला काय झालंय?" ह्यांनी मेथीची भाजी बाजूला सारून वरणभात कालवला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या बुधवारी ते वाक्य आलं. लेक बराच वेळ थंडीबद्दल, सर्दीबद्दल काहीबाही बोलत होती. मग गप्प झाली. मी ओळ सोडली. आणि मग ती म्हणाली, "नहीं मैम. आई ने मुझे वापस नहीं भेजा था. मैं अपनी मर्ज़ी से गई थी. आई ने तो रोका था मुझे. उनकी इसमें कोई गलती नहीं है."

त्या दिवशी मात्र हाताआधी डोक्याने ऐकलं. हात तरीही थांबला नाही. सगळं लिहिलं, पूर्णविरामासकट. मग वही मिटली, मेथी टोपलीत भरली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. मी सुटले असं वाटलं. दुसरा शब्द नाही. एवढ्या दिवसांचा धोंडा उतरला आणि पायच लागेनात जमिनीला. तिने तिथेही, जिथे कोणी आपलं नाही, आईला सांभाळून घेतलं. अशी मुलगी कोणाला मिळते?

पुढचे चार दिवस मी माझीच ओळखू येत नव्हते. गुरुवारी तिच्या आवडीची सांबारवडी केली, कोथिंबीर चिरून हात हिरवे झाले तरी गाणं गुणगुणत होते. रविवारी सकाळी खालून पोहे-जिलेबी आणवली. दुपारी मालिका लावली तेव्हा तो थेरपिस्टसुद्धा मला जरा बरा दिसायला लागला. गरीब बिचारा, बसतो आपला ऐकत.

त्या भागात साठीची बाई होती. थेरपिस्टला ती खुशीत सांगत होती की मुलगा रोज फोन करतो, दिवसातून दोनदा करतो. मालिका बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं की त्या मुलाने दोन वर्षांत एकदाही फोन केलेला नाही. थेरपिस्टने मान हलवली आणि म्हणाला, "अच्छा."

"काय बावळट आहे हा," मी म्हणाले. "कोणी काहीही सांगावं, ह्याचा विश्वास."

लेकीने टीव्हीवरची नजर काढली नाही. "त्याला माहितीये आई, ती झूठ बोलतेय. तो फक्त वेट करतोय."

"कशाचा?"

"ती कधी थकते त्याचा."

आवाज नेहमीचाच होता. पण माझ्या मनात पाल चुकचुकली. आई ने तो रोका था. मी कुठे रोखलं होतं? जगात एका माणसाला ते वाक्य खोटं आहे हे नक्की माहीत होतं आणि तो माणूस मी होते. चार दिवस मी एका खोट्या जबाबावर जिलेबी खात होते. लोक साहेबांशी खोटं बोलतात, नवऱ्याशी बोलतात, देवाशी बोलतात. पण जिच्याशी खरं बोलायचं म्हणून दार लावून बसायचं, तिच्याशी खोटं कशाला बोलायचं? हा प्रश्न मला चार दिवस पडला नव्हता, कारण तो पडणं माझ्या सोयीचं नव्हतं.

सोमवारी सकाळी लेक कामाला बसली तेव्हा मी वही काढली. त्या बुधवारचं पान उघडलं आणि शेजारी आधीच्या बुधवारांची पानं धरली.

आधीची पानं म्हणजे नुसता गोंधळ. रेघा धावत गेलेल्या, एकमेकींवर चढलेल्या, कुठे अर्धा शब्द सुटलेला. माणूस मनातलं बोलतो तेव्हा असंच बोलतो. वाक्य सुरू करतो, सोडून देतो, मागे जातो, त्यामुळे लिहिणाऱ्याची दमछाक होते. मॅनेजरचं का असेना, ती तिथे बोलत होती. आणि त्या बुधवारच्या पानावर, आई ने मुझे वापस नहीं भेजा था पासून पुढे, माझं अक्षर परीक्षेतल्यासारखं होतं. प्रत्येक रेघ ओळीवर, जाड ती जाड, बारीक ती बारीक, शब्दाशब्दात सारखं अंतर. माझा हात काही त्या दिवशी तरुण झाला नव्हता. ती हळू बोलली होती, थांबत थांबत, वाक्य पूर्ण करत.

चौकशीला आलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. साहेबांकडे बघून बोलतात तेव्हा ती भरभर, तुटक बोलतात. पण एखादी गोष्ट कागदावर यायलाच हवी असं त्यांना वाटलं की ती साहेबांना सोडून माझ्या पेन्सिलीकडे बघायला लागतात, आणि तिच्या चालीने शब्द सोडतात. लेक त्या दिवशी मॅडमशी बोलत नव्हती. ती मला डिक्टेशन देत होती.

मला लाज वाटली. आधी पकडली गेल्याची वाटली, खरं सांगायचं तर. बाकीची नंतर आली आणि ती अजून गेलेली नाही.

दुपारी तीनच्या सुमारास दोन मीटिंगच्या मध्ये लेक चहाला बाहेर आली. हे आत झोपले होते. मी तिच्यापुढे कप ठेवला आणि विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

तिने काय म्हणून विचारलं नाही. "दुसऱ्या वीकपासून," ती म्हणाली. "आई, दर बुधवारी मेथी. बाबांनी पण मला विचारलं, बुधवारीच काहून मेथी असते आपल्याकडे. आणि कूलरमधून माझा आवाज बाहेर येतो ना, तसा बाहेरचा पण आत येतो. माझा एक कान उघडाच असतो, तुझी पेन्सिल ऐकू येते."

"मग मला बोलली का नाहीस?"

"वाटलं, एक-दोनदा ऐकशील, बोर होशील, सोडून देशील. म्हणून मी ऑफिसचं, वरवरचंच बोलत राहिले. आठ सेशन झाले आई. मॅमना वाटतंय की मी आता ठीक आहे. त्या म्हणाल्या, आता महिन्यातून एकदा बोलू."

"आणि बुधवारी?" मी विचारलं. "बुधवारी माझ्याबद्दल..."

"त्यांनी विचारलं पण नव्हतं," ती म्हणाली. "मीच काढलं. तुला जे ऐकायचं होतं ते बोलले. म्हटलं, ते मिळालं की उठशील तिथून."

तिच्या आवाजात राग नव्हता. भाजीवाल्याला भाजी कालची आहे हे सांगावं तसं तिने सांगितलं. मी चार दिवस समजत होते की तिने मला वाचवलं. तिला मला स्टुलावरून उठवायचं होतं, एवढंच.

"मी खूप खोटं बोलले आहे आई," ती कपाकडे बघत म्हणाली. "पुण्याला रोज बोलायचे. तुझ्याशी फोनवर पण. हो आई, सब ठीक, जेवले, झोपले. मग आदतच पडली. आठवड्यात एक तास होता, त्यात नव्हते बोलत."

ह्यापुढे गप्प बसता आलं असतं. चहा संपला असता, तिची मीटिंग सुरू झाली असती, आणि आम्ही दोघी पुन्हा गोळ्या, शाल, रविवार ह्यांवर आलो असतो. तिने मला तशी वाटही करून दिली होती. ती उठायला लागली होती.

"तू परत जायचं नाही म्हणाली होतीस," मी म्हणाले. "पोळ्या लाटत होते, पण ऐकलं होतं मी."

"माहितीये."

"ऐकलं होतं आणि तरी ओटी भरली."

ती पुन्हा बसली. "का?" तिने विचारलं. तीन वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

उत्तर माझ्या ओठांवर तयार होतं. संसाराला वेळ द्यावा, आमची पिढीच तशी, सोनागिरीची आई आणि तिचा चहा. इतक्या वेळा म्हटलेलं की एकही शब्द अडला नसता. पण घोटून आणलेला जबाब कसा ऐकू येतो हे मला ठाऊक होतं, आणि आता तिलाही ठाऊक होतं.

"दुसऱ्या दिवशी रविवारी आपल्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं," मी म्हणाले. "पंचवीस-तीस बायका येणार होत्या. तू घरात दिसली असतीस तर विचारलं असतं त्यांनी. त्यांना काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं."

आत तिच्या लॅपटॉपवर मीटिंगचा आवाज वाजू लागला. वाजून वाजून बंद झाला. ती माझ्याकडे बघत होती, आणि मीही नजर वळवली नाही.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच," मी म्हणाले.